सायबिणीच्या डोक्यावरची काकडी

चवथीचा फोटो पाठवला आणि थोड्याच वेळात तुम्हा दोघांकडून एकच प्रश्न आला. थोरलीने सभ्यपणे विचारलं, "आजी, माटोळीत ती एक काकडी बाकीच्या सगळ्यांपेक्षा खाली का लोंबतेय?" धाकट्याने नुसतं लिहिलं, "ती पडणार आहे का?" फोनवर उत्तर द्यायला लागले तर तुमची आई मध्येच "आई, मुलांची शाळा आहे" म्हणाली. म्हणून लिहूनच कळवते. उत्तर जरा लांबचं आहे. ते इटलीवरून येतं.

माटोळी तुम्ही लहानपणी एकदाच पाहिलीत, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या दिवसांत रानात, बागेत जे जे पिकतं ते बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, काकडी, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, कांगणीची केशरी फळं, लालभडक कवंडळ, हलवल्या की खुळखुळणाऱ्या घागऱ्या. बांधायला दोरा चालत नाही, केवणीच्या झाडाची साल सोलून तिचे बंद करतात. आपल्या घरात हे काम दोन माणसांचं होतं. आणायचं काम तुमच्या धाकट्या आजोबांचं. ते सुर्ल्याच्या खाणीवर मशीनवर होते, अंगावर लाल धूळ घेऊन घरी यायचे आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा डोंगरावरच जायचे. चवथीच्या आदल्या दिवशी ते गोणपाट पाठीवर टाकून मुळगावच्या बाजूने उतरत यायचे. बांधायचं काम त्यांच्या बायकोचं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचं, तुमच्या धाकट्या आजीचं. ती शिडीवर, ते खाली शिडी धरून. वरून ती त्यांना बोलत असायची आणि खालून ते हसत असायचे. तिचं माहेर सिंधुदुर्गातलं, जीभ तिथलीच.

धाकटे आजोबा गेले ते वर्ष सुतकात गेलं. पुढच्या वर्षी गणपती आला तेव्हा ती म्हणाली, "मी नाय बांधूचंय." कुणी तिला नको म्हटलेलं नव्हतं. उलट मीच सांगितलं की हात लाव, कोण काय बोलतं ते मी बघते. ती म्हणाली, "आणणारो गेलो, आता बांधून काय करूचा?" आणि तांदूळ निवडायला बसली.

मग माटोळी मी बांधली. मी डिचोलीच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, वेळापत्रकं केली, परीक्षांच्या बैठकव्यवस्था लावल्या. चौकटीला फळं बांधायला कितीशी अक्कल लागते, असं मला वाटलं. मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. डावीकडे जे, तेच उजवीकडे. रंग एकाआड एक. बंदाला नायलॉनची दोरी, कारण ती सारख्या जाडीची मिळते. तुमचे आजोबा नकाशा बघून म्हणाले, "छान आहे. गणपतीला कुठल्या बाकावर बसवणार?" मी लक्ष दिलं नाही.

आरतीच्या ऐन भरात, घुमट, म्हणजे आरतीला वाजवायची कातडं लावलेली मडकी, घुमत असताना, उजवीकडचा नारळ सुटला. नायलॉन गुळगुळीत असतो, हे नकाशात दिसत नाही. शेजाऱ्याच्या हातातल्या मातीच्या घुमटावर तो असा बसला की क्षणभर सगळ्यांना वाटलं, तालच चुकला. मग तुकडे खाली पडले. आरती थांबली. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. जाऊ तिथे उभी होती. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलणार. चाळीसएक वर्षं आम्ही एका घरात राहतो. मी साधा भात करपवला तरी ती आठवडाभर पुरवून पुरवून बोलत असे. आणि हा तर फुटका घुमट! पण ती काही बोलली नाही. केरसुणी घेऊन आली, तुकडे गोळा केले आणि आत गेली.

मला घाबरवलं ते नारळाने नाही, तिच्या गप्प बसण्याने. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की ही बाई पुन्हा शिडीवर चढली पाहिजे आणि मला वरून बोलली पाहिजे.

यंदा उन्हाळ्यात तुमच्या बाबांनी मला इटलीची सहल भेट दिली आणि सोबत कुणालातरी ने म्हणाले. तुमच्या आजोबांनी गुडघ्यांचं कारण काढलं. मी जावेला म्हटलं, चल. ती म्हणाली, "बरा." "कशाला" नाही, "माका नको" नाही. कपडे भर म्हटल्यावर भरले. इतक्या आज्ञाधारक जावेबरोबर प्रवास करायची मला सवय नव्हती.

माझी तयारी मात्र तुम्ही ओळखता तशीच. प्रत्येक शहराचा वेगळा लिफाफा, प्रत्येक लिफाफ्यात त्या शहरातल्या बघायच्या चित्रांची माहिती. पणजीच्या वाचनालयातून चित्रकलेवरची जाड पुस्तकं आणून मी महिनाभर वाचली होती. परिणाम असा झाला की सहलीच्या बसमध्ये मी सगळ्यांना न विचारता समजावून सांगू लागले. छायाप्रकाश, रेषा, मागच्या डोंगरांचा निळेपणा. तिसऱ्या दिवसापासून माझ्या पुढच्या आसनावरचं म्हापशाचं जोडपं बस सुटायच्या आधीच डोळे मिटून घेऊ लागलं. मी समजले, दमलेत.

जाऊ खिडकीतून बाहेर बघायची. मी तिला मुद्दाम बोलायला लावायची. सकाळच्या न्याहारीला पाव इतका कडक होता की आपल्याकडच्या कडक काकण-पावांनी त्याच्यापुढे हात टेकावेत. एरवी ती म्हणाली असती की हा उंडो गेल्या चवथीचा आहे. ती चहात बुडवून चुपचाप खात राहिली. एका दुपारी मी पुस्तकात वाचलेला, त्या प्रांताचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ दोघींसाठी मागवला. ऑर्डर इटालियनमधून दिली. वाढप्याने ती माझ्याकडून इंग्रजीतून परत घेतली. आलं ते काय, तर केशर घातलेला, पळीवाढा मऊ भात. पेजच ती. मी म्हटलं, "अगो, ही तर आपली पेज!" आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने वाढप्याला हाताने खुणा केल्या, मूठ दाखवली, डोळ्यांना पाणी आल्याचं दाखवलं. तो हुशार माणूस. बशीत एक अख्खा कांदा, शेजारी सुरी-काटा घालून आला. तिने सुरी-काटा बाजूला ठेवला, रुमाल पसरला आणि बुक्की मारून कांदा फोडला. आजूबाजूची चार टेबलं गप्प झाली. मी खिडकीबाहेरच्या कमानीचं निरीक्षण करू लागले. पण बोलली ती काहीच नाही. पेज आणि कांदा, सगळं संपवलं, हात पुसले.

पहिली ठिणगी पडली ती बाजारात. फळांची दुकानं रस्त्यावरच मांडलेली, आणि काय मांडणी! पेरं, म्हणजे नासपती, एका दिशेला देठ करून, मध्ये मध्ये पानं. मी त्या रचनेचा फोटो काढत होते, तेवढ्यात जावेने एक पेर उचललं आणि अंगठ्याने दाबून बघितलं. दुकानदार ओरडला. हातवारे करून सांगू लागला की फळाला हात लावायचा नाही, बोट दाखवायचं, तो देईल. मी लाजेने चूर. इंग्रजीत माफी मागितली, तीही चांगल्या व्याकरणात. जाऊ शांतपणे त्याच्याकडे बघत सरळ मालवणीत म्हणाली, "दाबून बघूचा नाय तर घेवचा कसा? ह्या फळ हा का फोटो?" त्याला कळलं असावं, कारण तो हसला. मी मात्र तिला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की परक्या देशात असं वागत नाहीत, इथे प्रत्येक गोष्टीला शिस्त असते, आणि उद्या चित्रसंग्रहालयात जायचंय तिथे तर कशालाही बोट लावायचं नाही. दोन वर्षांनी तिच्या तोंडून एक धारदार वाक्य निघालं होतं आणि मी त्यावर शिस्तीचा धडा दिला. मास्तरकी अशी मुरलेली असते.

दुसऱ्या दिवशीचं संग्रहालय मोठं, थंडगार आणि इतकं शांत की आपलाच श्वास ऐकू यावा. माझ्या लिफाफ्यात त्या दालनातली तीन चित्रं होती. तिसऱ्याकडे जाताना वाटेत एक चित्र लागलं, माझ्या यादीत नसलेलं. म्हणून मी ते ओलांडून पुढे गेलेच होते. मग काय वाटलं कोण जाणे, मागे वळले.

सिंहासनावर सायबीण बसलेली. आपल्याकडे पाहिलीय ना तुम्ही, चर्चच्या फेस्ताला जातो तिथली, तीच ती माता, मांडीवर बाळ. पण तिच्या डोक्यावर, सिंहासनाच्या वर, आडव्या काठीला बांधलेली फळं लोंबत होती. सफरचंदं, पेरं, पानांसकट. आणि एका बाजूला, बाकी सगळ्यांपेक्षा खाली उतरलेली, एक जाडजूड, खडबडीत, हिरवी काकडी.

"माटोळी!" मी म्हटलं. म्हटलं म्हणजे ओरडले. दालनातले सगळे वळले.

आणि मग मी ते केलं जे गेल्या वर्षी ज्याच्या हातून नारळ पडला आहे असा माणूसच करील. काकडी कशी बांधली आहे ते बघायला मी पुढे झाले. दोर कुठे आहे, गाठ कशी घेतली आहे, हे मला अगदी जवळून बघायचं होतं. चष्मा वर केला, बोट काकडीच्या देठाकडे नेलं, आणि कुठेतरी भोंगा वाजायला लागला. मोठा, कर्कश, थांबेनाच. म्हापशाचं जोडपं दारातून बघत होतं. पूर्ण जागं.

मागून माझ्या कानाशी आवाज आला, "काल माका, आज तुमका."

मी वळले. जाऊ माझ्याकडे बघत नव्हती, चित्राकडे बघत होती. भोंगा थांबला. त्या शांततेत चर्र असा आवाज झाला, मग पुन्हा चर्र. प्रवासासाठी तिला चिकटपट्टीचे बूट घेऊन दिले होते, ते ती काढत होती. सायबिणीपुढे माटोळीखाली बूट घालून कोण उभं राहतं? अनवाणी होऊन तिने हात जोडले. तोवर रखवालदार बाई आमच्यापर्यंत पोचल्या. मी सगळी इंग्रजी शब्दसंपत्ती गोळा करून माफी मागायला तोंड उघडलं. बाईंनी मला दोन बोटं दाखवून मागे सरायला सांगितलं, मग जावेच्या उघड्या पायांकडे बघितलं, मान हलवली, आणि कोपऱ्यातली आपली खुर्ची उचलून आणून तिच्यासाठी मांडली. त्यांना वाटलं, पाय दुखतायत. जाऊ बसली. तो गैरसमज दूर करायचा माझा उत्साह तिने हाताच्या एका इशाऱ्याने थांबवला.

ती खूप वेळ बसली. माझ्या लिफाफ्यातलं तिसरं चित्र राहून गेलं ते गेलंच. मी तिच्या शेजारी उभी. मग ती बोलायला लागली, हळूहळू, चित्राकडे बघतच.

"पेरां बरी हत. डागी एक हा, तां पाठी केल्यान. शाणो माणूस."

थोड्या वेळाने, "पण ही काकडी. वयनी, बघा ही. देठाक नुसतो एक येढो घातल्यान. दुसरी गाठ खंय? आता पडात ती बाळाच्या टकलेर."

मी म्हटलं, "अगो, चित्र आहे ते. शेकडो वर्षं पडली नाही."

"तुमचो नारळ पण चित्रात पडूक नाय. कागदार कसो टिकान रवलेलो."

मी ते ऐकलं आणि, खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. गेल्या चवथीचं बोलणं मला तिथे, एवढ्या लांब, उधारी परत मिळावी तसं मिळालं. रखवालदार बाईंना वाटलं असणार, या बायका फार भाविक.

मग तिचा आवाज बदलला. "तेंनी असली काकडी आणली नसती. कवळी हा ती." 'ते' म्हणजे कोण, हे सांगायला नको. गेल्या चवथीच्या त्या एका वाक्यानंतर ती त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होती. "कोणी म्हणाला होता तेंका, बाजारातसून आण. तर म्हणायचे, बाजारातली माटोळी बाजारवाल्याची."

मी संधी साधली. "मग यंदा तू बांध."

"आणतलो कोण?"

हा प्रश्न तिने गेल्या वर्षीही विचारला होता आणि मी तेव्हा ऐकलाच नव्हता. मी उत्तर म्हणून आलेखाचा कागद काढला होता. या वेळी तोंडातून निघून गेलं, "मी आणीन."

तिने पहिल्यांदा चित्रावरून नजर काढली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, इस्त्रीची साडी, गळ्यात अडकवलेला चष्मा, हातातला लिफाफा. "तुमी? डोंगरार?"

"हो."

"तुमका कांगणी खंयची आणि काजरो खंयचो, ता तरी कळता?"

"शिकेन."

ती हसली. फार नाही. बूट घालताना पुन्हा चर्र आवाज झाला आणि रखवालदार बाईंनी तिला हात धरून उठवलं. माझ्यावर मात्र त्या, मी दार ओलांडेपर्यंत, डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होत्या.

आता तुम्हाला वाटेल, इथून सगळं सुरळीत झालं. घरी आल्यावर ती पुन्हा गप्प. माटोळीचं नाव नाही. मी आठवण दिली नाही, कारण मलाच आशा होती की ती विसरली असेल. पण शब्द दिला होता. चवथीच्या आदल्या दिवशी पहाटे मी प्रवासातले बूट घातले, छत्री घेतली, गोणपाटाऐवजी झिप असलेली पिशवी घेतली आणि मुळगावच्या डोंगराला लागले. तुमचे आजोबा म्हणाले, "फोन चार्ज आहे ना?" त्या माणसाची काळजी दाखवायची ही कमाल मर्यादा.

डोंगर निसरडा होता. मी दोनदा बसले. दोन्ही वेळा ठरवून बसल्यासारखी आजूबाजूच्या निसर्गाकडे पाहत राहिले, गुरं सोडून कुणी नव्हतं तरी. फोनमध्ये वनस्पतींची चित्रं उतरवून घेतली होती, पण रानात फळं चित्रासारखी एकेकटी, पांढऱ्या कागदावर नसतात. घागऱ्या सापडल्या, कारण त्या वाजल्या. कवंडळ सापडलं, कारण ते लाल होतं. केवणीची साल मी सोलली, म्हणजे झाड आणि मी एकमेकांना सोललं. बाकी पिशवी मी जे गोल दिसलं त्याने भरली.

परत आले तर ती पडवीत बसली होती. समोर सूप, शेजारी पाण्याची बादली. जणू दर वर्षीप्रमाणे कुणाचीतरी वाट बघत होती. मी पिशवी तिच्यापुढे ठेवली. तिने झिप उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागली.

"ह्या काय?"

"कांगणी."

"ही कांगणी? गुरां पण खाईत नाय ही." बाहेर फेकलं. "आणि ह्या?" तिने एक हिरवट गोल फळ माझ्या डोळ्यांसमोर धरलं. "वयनी, ह्यो काजरो. देवाच्या टकलेर इख टांगतात काय तुमी? तो पण पळान जायत." तेही बाहेर. काजरो विषारी असतो, हे मला तेव्हा कळलं. "साल बघा ही! ही साल हा का शेवयो?"

अर्धी पिशवी अंगणात गेली. ती बोलत राहिली, न थांबता, साठलेलं सगळं, घुमटासकट. मी मान खाली घालून ऐकत होते आणि पाय चोळत होते आणि मला तुम्हाला सांगता येणार नाही इतकं बरं वाटत होतं. शेवटी ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला. दिस असताना जावया. दाखवतंय तुमका." आणि त्याच डोंगरावर मी दुपारी दुसऱ्यांदा चढले. तिला सगळ्या जागा माहीत होत्या. धाकटे आजोबा दर वर्षी कुठून काय आणलं ते शिडी धरून तिला सांगायचे. ती म्हणे वरून ऐकायची नाही, बोलायचीच. ऐकलेलं मात्र सगळं होतं.

माटोळी तिने बांधली. शिडी मी धरली. वरून ती मला बोलत होती, खालून मी हसत नव्हते, कारण शिडी धरून हसणं ही कला मला यायला अजून वेळ आहे. सगळं झाल्यावर ती खाली उतरली, माझ्या हातात काकडी दिली आणि म्हणाली, "ही तुमी बांधा."

तर मुलांनो, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शिडीवर चढायची माझी हिंमत झाली नाही, मी स्टुलावर चढले, आणि स्टुलावरून माझा हात तेवढाच पोचला. म्हणून ती काकडी खाली आहे. मी जावेला म्हटलं, वर घे, बरं दिसत नाही. ती दूर उभी राहून बघत म्हणाली, "रवांदे. सायबिणीची पण तितकीच खाली होती."

धाकट्याचा प्रश्न राहिला. पडणार होती का? आरत्या चालू असताना माझं लक्ष देवाकडे कमी आणि काकडीकडे जास्त होतं. शेजारी यंदा नवा घुमट घेऊन आला होता आणि मुद्दाम भिंतीला टेकून बसला होता. पण काकडी पडली नाही. विसर्जनापर्यंत नाही. मी मनातल्या मनात केवढी फुगले होते.

विसर्जन झाल्यावर माटोळी उतरवून फळं शेजारीपाजारी वाटतात. मी ऐटीत स्टुलावर चढले, सुरी घेतली आणि माझी गाठ कापली.

काकडी होती तिथेच राहिली.

चष्मा वर करून बघितलं. देठाच्या मागे, पानाआड, केवणीचा आणखी एक बारीक बंद होता, गाठ इतकी लहान की बोटाला लागावी पण डोळ्याला दिसू नये.

खाली जाऊ स्टूल धरून उभी होती. मी विचारलं, "ही कधी बांधलीस?"

"तुमी हात धुवूक गेलात तेव्हा," ती म्हणाली. "घुमट नवो हा, वयनी. कापा आता ती पण, आणि उतरा. माझो हात दुखता."